पुळणीवरचा खेळ

विलेपार्ल्याच्या पश्चिमेस जुहूची पुळण आहे. ओहोटीच्या वेळी तेथे पुढे ओली, टणक वाळू असते. भरतीच्या रेषेमागे कोरडी, भुसभुशीत वाळू असते. आणि तिच्याही मागे, आज जेथे वस्ती आहे तेथे, एके काळी खाजणाची खारी जमीन होती. यांतील मधल्या पट्ट्यास शेतकऱ्याच्या लेखी काडीचे मोल नाही. तेथे भात पिकत नाही आणि नांगर धरत नाही. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर अशाच पडीक वाळवटास 'लिंक्स' म्हणतात, आणि गोल्फ नावाचा जगभर पसरलेला खेळ त्या पट्ट्यावर वाढला. आज हा खेळ धनिकांचा समजला जातो. परंतु त्याच्या इतिहासाची पाने चाळू लागले म्हणजे काठी आणि चेंडू यांच्याइतकाच आणखी एक विषय वारंवार पुढे येतो. तो विषय म्हणजे, ज्या जमिनीत काही पिकत नाही ती जमीन कोणाची?

प्रथम ही जमीन कशी घडली ते पाहू. हिमयुगानंतर स्कॉटलंडात समुद्र मागे हटला आणि वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडले. वाऱ्याने त्या वाळूच्या टेकड्या रचल्या. आपल्या किनाऱ्यावर मर्यादवेल जशी वाळूस धरून ठेवते, तसे तिकडे मॅरम नावाच्या राठ गवताने त्या टेकड्यांस बांधून धरले. टेकड्यांच्या मधल्या सखल भागांत बारीक पात्याचे चिवट गवत उगवले. सशांनी आणि मेंढरांनी ते चरून आखूड राखले. वाऱ्यापासून आडोसा शोधणाऱ्या मेंढरांनी उतारांच्या कुशीत अंग घासून खळगे पाडले, आणि त्यांचेच पुढे खेळातील वाळूचे खड्डे, म्हणजे 'बंकर', झाले असे मानतात. पाऊस पडला तरी वाळू पाणी शोषून घेते, त्यामुळे हिवाळ्यातही जमीन कोरडी आणि टणक राहते. सारांश, क्रीडांगण आखणारा कोणी शिल्पी नव्हता. समुद्र, वारा, गवत आणि जनावरे यांनी ते तयार करून ठेवले होते.

आता खेळाचे स्वरूप. आपल्याकडे गोट्या खेळताना मुले जमिनीत गल खणतात. गोल्फमध्येही गलच असते, मात्र ती शे-दोनशे यार्डांपासून पाचशे यार्डांपर्यंत दूर असते, आणि अशा अठरा गली ओळीने पार करावयाच्या असतात. ज्याचे टोले सर्वांत कमी, तो विजयी. समुद्रकाठच्या मैदानावर झाडांचा आडोसा नसल्याने वारा हाच खरा प्रतिस्पर्धी असतो. आकाशात उंच उडविलेला चेंडू वारा भलतीकडे नेतो, म्हणून जाणता खेळाडू टोला सखल ठेवतो आणि चेंडू टणक जमिनीवरून घरंगळत जाईल अशी योजना करतो. जमीन उंचसखल असल्यामुळे उत्तम टोलाही कधी खड्ड्यात जातो आणि वाईट टोला गलीजवळ येऊन थांबतो. सेंट अँड्रूज येथील जुन्या मैदानाची वाट किनाऱ्यालगत दूरवर जाते आणि मग माघारी गावाकडे वळते. जाताना वारा पाठीशी असेल, तर येताना तो तोंडावर घ्यावा लागतो. लिंक्सवर खेळताना निसर्गाशी तक्रार करून भागत नाही, हा या खेळाचा पहिला धडा होय.

स्कॉटलंडात हा खेळ इतका लोकप्रिय होता की, तरुण लोक धनुर्विद्येकडे दुर्लक्ष करतात म्हणून १४५७ साली तेथील पार्लमेंटाने त्यावर बंदी घातली. बंदी टिकली नाही. १७६४ साली सेंट अँड्रूज येथे बावीस गलींचा फेरा कमी करून अठरांचा केला गेला, आणि तीच संख्या पुढे सर्वत्र रूढ झाली. त्या काळचा चेंडू कातड्याच्या पिशवीत पिसे ठासून बनवीत. तो महाग असे आणि पावसात भिजून फाटे. १८४८ च्या सुमारास मलायातील गटापर्चा या डिंकाचे चेंडू आले. ते स्वस्त आणि टिकाऊ असल्याने सामान्य माणसाच्या हाती हा खेळ अधिक सुलभपणे आला. १८६० साली प्रेस्टविकच्या वाळवटावर पहिली खुली अजिंक्यपद स्पर्धा झाली, तेव्हा खेळाडू अवघे आठ होते.

परंतु पडीक जमिनीवर लोकांचा वावर वाढला की तिच्यावर डोळा ठेवणारेही निर्माण होतात. सेंट अँड्रूजच्या वाळवटावर खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क १५५२ सालच्या सनदेत आर्चबिशप हॅमिल्टन यांनी मान्य केला होता. पुढे १७९७ साली नगरसभा कर्जबाजारी झाली आणि तिने ही जमीन हातावेगळी केली. नव्या धन्यांनी तेथे सशांची पैदास मांडली. सशांच्या बिळांनी मैदान पोखरले गेले, आणि ससेवाले व खेळाडू यांच्यामध्ये अनेक वर्षे कज्जे चालले. १८२१ साली जेम्स चीप या खेळप्रेमी जमीनदाराने ती जमीन विकत घेतल्यावर ससे गेले. तथापि मालकी खाजगीच राहिली. अखेर १८९४ साली पार्लमेंटाच्या कायद्याने वाळवट पुन्हा नगराच्या ताब्यात आले. तेथील रहिवाशांना १९४६ पर्यंत या मैदानावर खेळण्याचे मूल्य द्यावे लागत नसे. आजही जुने मैदान एरवी रविवारी खेळास बंद असते आणि त्या दिवशी गावकरी मुलाबाळांसह तेथे फिरतात. पहिल्या आणि शेवटच्या गलीच्या वाटेवरून सार्वजनिक रस्ता जातो, आणि तो ओलांडणाऱ्या वाटसरूसाठी खेळाडूस थांबावे लागते. जगातील सर्वांत प्रसिद्ध गोल्फचे मैदान हे सार्वजनिक मालकीचे मैदान आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

स्कॉटिश व्यापारी आणि लष्करी अंमलदार यांच्याबरोबर हा खेळ हिंदुस्थानात आला. १८२९ साली कलकत्त्यास गोल्फ क्लब स्थापन झाला, आणि ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना होय. १८४२ साली मुंबईसही क्लब निघाला. मुंबईकर साहेबांना मायदेशाची ओढ इतकी की, त्यांनी सेंट अँड्रूजच्या क्लबास भेट दिलेले रौप्यपदक 'बाँबे मेडल' या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईचा तो क्लब पुढे मोडला. नाशिकची हवा युरोपियनांस मानवत असल्याने तेथेही गोल्फ रुजला. नाशिककर ज्या मैदानास अजून गोल्फ क्लबचे मैदान म्हणतात, त्यास आता हुतात्मा अनंत कान्हेरे यांचे नाव आहे.

मग जुहूच्या पुळणीवर लिंक्स का झाली नाही? वाळू होती, वारा होता, समुद्र तर होताच. कारण पावसाचे आहे. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. सेंट अँड्रूजला वर्षभरात त्याचा सुमारे तिसरा हिस्सा पडतो, आणि तोही बारा महिन्यांत विभागून. तिकडचे बारीक गवत थंड हवेत मंदपणे वाढते; इकडे पावसाळ्यात गवत कमरेइतके माजते आणि उन्हाळ्यात करपते. शिवाय जुहूच्या वाळूमागे खाजण होते व भरतीचे पाणी त्यात शिरे. लिंक्स ही समुद्रकाठी कोठेही सापडणारी वस्तू नव्हे, हे यावरून ध्यानात येईल.

मुंबईने आपली क्रीडांगणे निराळ्या रीतीने मिळविली. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधील खिंडार हॉर्नबी वेलार्ड हा बांध घालून बुजविण्यात आले, आणि बांधामागची सखल जमीन हळूहळू कोरडी झाली. त्याच भागात पुढे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान झाले, आणि १९१७-१८ च्या सुमारास गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी काढलेल्या क्लबाचे गोल्फ मैदानही तेथेच झाले. युरोपियनांच्या क्लबात हिंदी पाहुण्यास मज्जाव झाल्यामुळे त्यांनी दोहोंना खुला असा क्लब काढला, असे सांगतात. त्याआधी १८८० नंतरच्या दशकात फोर्टाबाहेरील मैदानावरून मोठा तंटा झाला होता. साहेबांच्या पोलोच्या घोड्यांनी हिंदी तरुणांच्या क्रिकेटची जमीन उखडली जाई. त्यांनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शेवटी पारशी, मुसलमान आणि हिंदू जिमखान्यांस समुद्र हटवून मिळविलेल्या किनाऱ्यावर जागा मिळाल्या. स्कॉटलंडात ससे होते, मुंबईत घोडे होते. वादाचे मूळ एकच.

जुहूच्या मोकळ्या जागेचे भाग्य तिसऱ्याच प्रकारचे ठरले. १९२८ साली तेथे विमानतळ झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे तेथे उतरले. पावसाळ्यात मात्र ही जमीन इतकी चिखलमय होई की विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. ज्या पावसाने लिंक्स होऊ दिली नाही, त्याने विमानांनाही वर्षभर ठरू दिले नाही. त्याआधी, एप्रिल १९३० मध्ये, विलेपार्ल्यास मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पडली होती. जमनालाल बजाज, स्वामी आनंद, किशोरलाल मश्रुवाला यांच्यासारखी माणसे तेथे होती. समुद्राचे पाणी आणि त्याने किनाऱ्यावर सोडलेले मीठ कोणाच्या मक्त्याचे नाही, असे सत्याग्रहींचे म्हणणे होते. सेंट अँड्रूजच्या नागरिकाने वाळूविषयी जो दावा केला, तो पार्लेकरांनी मिठाविषयी केला. एकाचा हेतू करमणुकीचा आणि दुसऱ्याचा स्वातंत्र्याचा, एवढा भेद अर्थातच मोठा आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. अलीकडे नव्या लिंक्स मुद्दाम घडविल्या जातात. सेंट अँड्रूजजवळ किंग्जबार्न्स येथे शेतजमिनीवर यंत्रांनी उंचवटे रचून २००० साली मैदान खुले झाले. ते इतके बेमालूम आहे की पाहणाऱ्यास ते वाऱ्यानेच घडविले असे वाटावे. परंतु ॲबरडीनच्या उत्तरेस मेनी येथे डोनाल्ड ट्रम्प यांनी २०१२ साली मैदान खुले केले, ते सरकत्या वाळूच्या टेकड्यांवर गवत लावून आणि त्यांस स्थिर करून. शास्त्रीय महत्त्वाची जागा म्हणून त्या टेकड्यांस जे संरक्षण होते ते २०२० साली काढून घेण्यात आले, कारण ज्या हालचालीमुळे त्यांचे मोल होते ती हालचालच तेथे उरली नव्हती. गोव्याच्या उत्तर टोकास तेरेखोल येथेही गोल्फच्या मैदानाची योजना निघाली, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या कुळहक्कांचा आधार घेऊन तिला विरोध केला.

आपल्याकडे १९९१ साली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली आणि भरतीरेषेपासून ५०० मीटरांपर्यंतच्या बांधकामांवर निर्बंध आले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने समुद्रकिनारा, वाहते पाणी, हवा आणि वने ही लोकांची ठेव असून सरकार तिचे केवळ विश्वस्त आहे, असे तत्त्व मान्य केले. सेंट अँड्रूजच्या नगरास आपले वाळवट गमावल्यापासून कायद्याने परत मिळेपर्यंत ९७ वर्षे लागली. जुहूची पुळण अजून लोकांच्या पायांखाली आहे. संध्याकाळी खारा वारा सुटला म्हणजे पार्ल्याची मुले तेथे वाळूत स्टंप रोवून क्रिकेट मांडतात, आणि त्यासाठी त्यांना कोणाची परवानगी काढावी लागत नाही.