शब्दवेध: ‘पुट अप’ म्हणजे नेमके कुठे?

चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये नव्याने आलेल्याला ‘सध्या कुठे पुट अप आहात?’, म्हणजे कुठे राहता, असे विचारले जाते. मुंबईच्या मंत्रालयात मात्र पुट अप होते ती फाईल. इंग्रजीत भिंत, तंबू, सूचना, उमेदवार सगळेच पुट अप होतात, आणि त्रास सोसणे म्हणजे ‘पुट अप विथ’. या सर्वांत ‘अप’चा ‘वर’ हा अर्थ सापडतोच असे नाही. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशू पीटरला तलवार पुट अप करायला सांगतो, म्हणजे म्यानात घालायला. तलवार म्यानात, घोडा तबेल्यात, पाहुणा सराईत: इथे ‘अप’ म्हणजे उंची नव्हे, योग्य जागी ठेवणे.

कोणी म्हणेल, ब्रिटिश वापरात हा मुक्काम तात्पुरता. कायमच्या रहिवाशाने तो शब्द वापरणे चूकच. आक्षेप अर्धा खरा आहे. अर्थ पसरणे हा या क्रियापदाचा स्वभावच. शिवाय मराठी पाहुणा ‘उतरतो’, इंग्रजी पाहुणा ‘वर’ ठेवला जातो, तरी मुक्काम एकच. अर्थ दिशेने नव्हे, प्रसंगाने ठरतो. पण मुक्काम आणि घर हा भेद कामाचा आहे. म्हणून पाहुण्याने खुशाल पुट अप व्हावे, घरमालकाने मात्र राहावे.