अंड्यावरील जकात

कल्याणहून कसाऱ्याच्या बाजूस निघाले म्हणजे पहिले स्थानक शहाडचे लागते. येथील सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात १९५६ पासून कृत्रिम रेशमाचे सूत निघू लागले आणि उल्हास नदीच्या काठचे हे खेडे उद्योगाच्या नकाशावर आले. नदीपलीकडे काही मैलांवर भिवंडी आहे. तेथील यंत्रमागांचा खडखडाट सुतावर चालतो. परदेशांतून, विशेषतः चीनमधून, येणाऱ्या स्वस्त रेयॉन-सुतावर जादा जकात बसवावी, अशी मागणी आपल्याकडील रेयॉनचे कारखानदार चालू शतकात वारंवार करीत आले. त्यांच्या बाजूने पाहिले तर ती मागणी रास्तच आहे. परंतु सूत काढणाऱ्यास जी जकात छत्रासारखी वाटते, तीच ते सूत विकत घेऊन विणणाऱ्याच्या डोक्यावर ओझे होऊन बसते. दोघेही देशी, दोघेही उत्पादक. मग ‘देशी उत्पादकाचे संरक्षण’ या शब्दांत संरक्षण नेमके कोणाचे, असा प्रश्न सहजच उद्भवतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास सुतापेक्षाही सोपी एक वस्तू आहे, आणि ती म्हणजे कोंबडीचे अंडे.

जकातीचा विचार महाराष्ट्रास नवा नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यात इंग्लंडास मानवणारा अनिर्बंध व्यापाराचा सिद्धांत प्रत्येक देशास जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्यांनी निक्षून सांगितले. १८८२ साली मँचेस्टरच्या कापडावरील आयात-जकात सरकारने उठविली. पुढे १८९४ साली तिजोरीच्या गरजेपायी ती पुन्हा बसविणे भाग पडले, तेव्हा मुंबईच्या गिरण्यांच्या मालावरही तोडीस तोड अंतर्गत कर लादण्यात आला. हा कर १९२५ पर्यंत चालला. अशा अनुभवातून गेलेल्या समाजास संरक्षक जकात ही केवळ हिशेबाची बाब न राहता स्वाभिमानाची बाब वाटू लागली, यात नवल नाही. तथापि स्वाभिमानाची बाब झाली म्हणून हिशेब सुटत नाही.

अंड्याच्या बाबतीत हा हिशेब युरोपात फार पूर्वी मांडला गेला. इंग्लंडने १८६० साली ग्लॅडस्टनच्या अंदाजपत्रकात लोणी, चीज यांबरोबर अंड्यांवरील जकातही रद्द केली. त्या खुल्या बाजारपेठेकडे डेन्मार्कच्या शेतकऱ्यांचे लक्ष गेले. त्यांनी १८९५ साली अंडी निर्यात करण्यासाठी सहकारी संघ काढला आणि प्रत्येक अंड्यावर ते पाठविणाऱ्या सभासदाचा क्रमांक उमटविण्याचा नियम केला. नासके अंडे कोणाच्या खुराड्यातले, हे ग्राहकाच्या टेबलापासून मागे जाऊन ओळखता येई, आणि दोषी सभासदास दंड होई. डॅनिश अंड्याला इंग्लंडात जी पत मिळाली ती या लहानशा शिक्क्याने मिळवून दिली. जकातीचा तीत काडीइतका वाटा नव्हता.

अमेरिकेची कथा याच्या उलट आहे. १८९० च्या मॅकिन्ले कायद्याने, तोवर जकातमुक्त असलेल्या अंड्यांवर डझनामागे पाच सेंट जकात बसली. तिचा मारा मुख्यतः कॅनडाच्या शेतकऱ्यांवर झाला. त्यांनी आपला माल इंग्लंडकडे वळविला. चाळीस वर्षांनी, १९३० साली, स्मूट आणि हॉली यांच्या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या कायद्याने ही जकात आठ सेंटांवरून दहा सेंटांवर नेली. कॅनडाने लागलीच उत्तर दिले आणि आपली तीन सेंटांची जकात दहा सेंटांवर नेऊन ठेविली. परिणाम पाहण्यासारखा आहे. १९२९ साली कॅनडाहून अमेरिकेत सुमारे १ लाख ६० हजार अंडी येत असत. १९३२ साली ती ९५ हजारांवर आली. अमेरिकन शेतकऱ्याची एवढी ‘बचत’ झाली. परंतु त्याच्या खुराड्यांतून कॅनडास जाणारी अंडी १९२९ साली सुमारे १ कोटी १० लाख होती, ती १९३२ साली दोन लाखांच्याही खाली घसरली. त्या वर्षांत जगभर मंदी होती, हे खरे. तथापि एका बाजूस चाळीस टक्के घट आणि दुसऱ्या बाजूस अठ्ठ्याण्णव टक्के, हा फरक मंदीने समजावून देता येत नाही. ज्याच्या हितासाठी कायदा केला, त्याचेच गिऱ्हाईक त्या कायद्याने हिरावून घेतले.

आता आपल्या घराकडे वळू. १९५०-५१ साली साऱ्या देशात मिळून वर्षास सुमारे १८३ कोटी अंडी निघत. माणशी जेमतेम पाच अंडी वाट्यास येत. पुष्कळशा पांढरपेशा घरांत अंडे स्वयंपाकघराचा उंबरठा ओलांडीत नसे, आणि ज्या घरांत वैद्याच्या सांगण्यावरून ते येई तेथे त्याचे भांडे वेगळे असे. २०२३-२४ साली हेच उत्पादन १४ हजार कोटींच्या पलीकडे आणि माणशी प्रमाण शंभराच्या वर गेले. हा पालट जकातीने घडविला काय? परदेशी मालाला त्या काळात परवान्यांचे व मर्यादांचे कुलूप होते, त्यामुळे उद्योगास निवांतपणा लाभला, हे नाकारता येणार नाही. परंतु कुलूप अनेक उद्योगांना लाभले. त्यांपैकी सगळेच काही असे वाढले नाहीत. अंड्याच्या धंद्यात सुधारलेल्या जातीची कोंबडी आली, शास्त्रशुद्ध खाद्य आले, लसी आल्या. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेली आणि पुढे पुण्यात नावारूपास आलेली व्यंकटेश्वरा हॅचरीज ही संस्था या पालटाच्या मध्यभागी होती.

तरीही १९८० च्या सुमारास अंडी-उत्पादक हवालदिल झालाच. परदेशी अंडे बाजारात नव्हते. पण भाव ठरविणारा व्यापारी होता, आणि तो सांगे त्या दराने, वेळी खर्चाहूनही कमी दराने, अंडी द्यावी लागत. अंडे नाशवंत आहे; ते कोठारात दडवून ठेवता येत नाही आणि कोंबडीला आज अंडे घालू नकोस असे सांगता येत नाही. सीमेवरची जकात या संकटापुढे निरुपयोगी होती. डॉ. रावांनी ठिकठिकाणी सभा घेऊन उत्पादकांस एकत्र आणले आणि १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. शहराशहरांसाठी शेकड्याचा भाव समितीने रोज जाहीर करावा, अशी प्रथा पडली. हा भाव कायद्याने बंधनकारक नव्हे, केवळ सुचविलेला. पण पूर्वी ज्याला भाव ऐकावा लागे त्याला तो सांगण्याची सोय झाली. डेन्मार्कच्या शिक्क्याशी या प्रथेचे नाते आहे. दोन्ही ठिकाणी उत्पादकाचे खरे संरक्षण त्याच्या संघटनेने केले.

एप्रिल २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार आयातीवरील संख्यात्मक मर्यादा उठल्या आणि जकातीला खरे महत्त्व आले. त्या काळात सर्वांत मोठी धास्ती अमेरिकन कोंबडीच्या तंगड्यांची होती. तेथील लोक छातीचे मांस पसंत करतात. तंगडी मागे उरते व मिळेल त्या भावास बाहेर धाडली जाते. अशा उरल्यासुरल्या मालाशी स्पर्धा करणे आपल्या शेतकऱ्यास अशक्य, म्हणून तीवर शंभर टक्के जकात ठेवण्यात आली. येथे संरक्षणाची बाजू बळकट आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. ज्या मालाची किंमत त्याच्या उत्पादनखर्चाशी बांधलेली नाही, त्याच्याशी कसली तुल्य लढाई?

परंतु भिंत जकातीचीच असते असे नाही. कधी ती रोगाच्या भयाचीही असते. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील बर्ड फ्लूची पहिली साथ उघडकीस आली. कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, अंड्यांस गिऱ्हाईक उरले नाही, आणि ज्यांनी कर्ज काढून खुराडी बांधली होती ते उघडे पडले. पुढे, ज्या देशांत हा रोग आढळेल तेथील कोंबड्यांचे मांस आणि अंडी भारताने बंद केली. अमेरिकेने २०१२ साली याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. २०१४ साली निकाल भारताविरुद्ध गेला आणि जून २०१५ मध्ये अपिलातही तोच कायम झाला. ही बंदी आंतरराष्ट्रीय प्रमाणांस धरून नाही, शास्त्रीय परीक्षणावर उभी नाही आणि गरजेपेक्षा कडक आहे, असे ठरले. नवापूरचे दुःख खरे होते. पण सौम्य रोगासाठी आपण परक्यास जो नियम लावला, त्याच्या तोडीची पाहणी आपल्याच खुराड्यांत होत नव्हती.

या साऱ्या इतिहासातील मर्माचा प्रसंग मात्र २०२१ चा आहे. अंड्याच्या उत्पादनखर्चातील दोन तृतीयांशांहून अधिक भाग कोंबडीच्या खाद्याचा असतो, आणि ते खाद्य म्हणजे मुख्यतः मका व सोयापेंड. त्या वर्षी सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या आसपास चढला. कोंबडीपालकांचा जीव कासावीस झाला. जे परदेशी कोंबडीसाठी दार लावून घ्या म्हणत होते, तेच परदेशी पेंडीसाठी दार उघडा म्हणू लागले. ऑगस्टमध्ये सरकारने १२ लाख टन जनुक-परिवर्तित सोयापेंड आणण्यास परवानगी दिली. नवे पीक बाजारात येण्याच्या वेळी भाव जवळजवळ निम्म्यावर आला. या घसरणीस नव्या पिकाची आवक हेही कारण होते. परंतु लातूरच्या बाजारात गाडी घेऊन उभा असलेल्या शेतकऱ्यास कारणांची वाटणी करून देण्यात काय अर्थ? त्याच्या दृष्टीने खुराडेवाल्याचे संरक्षण त्याच्या शेतातून वसूल झाले होते. पुढे मक्याचा तसाच तंटा झाला, आणि जून २०२४ मध्ये सुमारे ५ लाख टन मका १५ टक्के सवलतीच्या जकातीने आणण्यास मुभा देण्यात आली.

दोघांपैकी लबाड कोणीच नाही. कोंबडीपालक मका पिकविणाऱ्याचे गिऱ्हाईक आहे, सोयाबीनवाल्याचेही आहे. तो बुडाला तर ते दोघेही बुडतील. उलट शेतकऱ्याने सोयाबीन सोडून दिले तर उद्याचे अंडे परक्या पेंडीवर अवलंबून राहील. म्हणून जकात असावी की नसावी, एवढाच वाद घालणे व्यर्थ आहे. ती कोणत्या संकटावर आहे, किती वर्षांसाठी आहे आणि तिचा भार कोणत्या देशबांधवाच्या ताटातून उचलला जाणार आहे, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून ती मागू नये आणि देऊही नये. उरलेल्या तंगड्यांच्या लोंढ्यावर ती इष्ट ठरेल. व्यापाऱ्याच्या मनमानीवर ती व्यर्थ आहे. आणि जेथे ती शेजाऱ्याच्या शेताची किंमत घेते, तेथे त्या शेजाऱ्याचा भाव आधी सुरक्षित केल्याशिवाय तिला न्याय म्हणता येणार नाही. आपल्या महाराष्ट्रात एकाच तालुक्यात, कित्येकदा एकाच भावकीत, एकाचे खुराडे असते आणि दुसऱ्याचे सोयाबीनचे रान. कायदा करणाऱ्यांनी निदान त्या दोघांस एका ओटीवर बसवून मग लेखणी उचलावी.