श्वेतद्वीपाचे रहिवासी

बुलढाणा जिल्ह्यात विष्णूची दोन नामांकित ठिकाणं आहेत. लोणारचं दैत्यसूदन मंदिर आणि मेहकरचा शारंगधर बालाजी. मेहकरची ती काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती १८८८ साली जमिनीखालून निघाली. आता प्रश्न असा, की हा देव मुळात राहतो कुठे? वैकुंठात, हे आजीचं उत्तर. पण महाभारताच्या शांतिपर्वात आणखी एक पत्ता दिलाय. क्षीरसागराच्या उत्तरेला, मेरू पर्वतापासून बत्तीस हजार योजनं दूर, श्वेतद्वीप नावाचं बेट.

नुसता पत्ता देऊन महाभारतकार थांबत नाहीत. तिथल्या माणसांचं वर्णन एखाद्या फॅन्टसी कादंबरीला लाजवेल असं आहे. रंग चंद्रासारखा पांढरा. डोकं छत्रीसारखं, आवाज मेघांसारखा, तोंडात साठ दात आणि वर आठ दाढा. हे लोक जेवत नाहीत, पापणी मिटत नाहीत, आपल्याला असतात तशी इंद्रियं त्यांना नाहीत. दिवसभर काम एकच, हात जोडून मनातल्या मनात नारायणाचा जप. आणि महत्त्वाचं म्हणजे सगळ्यांचं तेज सारखं. तिथे कुणी वरचा नाही, कुणी खालचा नाही.

कल्पनेतलं बेट, कल्पनेतले लोक, त्यांचा स्वतःचा धर्म. विषय इथेच संपायला हवा होता. पण इंग्रजी अमदानीत काही विद्वान मंडळींनी हे बेट खरोखरच नकाशावर शोधायला घेतलं, आणि मग भलतीच भानगड झाली.

पहिला मानकरी फ्रान्सिस विल्फर्ड. हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करातला अधिकारी, मुक्काम काशी. पुराणांत इजिप्तपासून युरोपपर्यंत सगळं सापडेल अशी त्याची खात्री. त्याने एक पंडित कामाला ठेवला, हवे ते उल्लेख शोधून दे म्हणून. साहेबाला काय हवंय हे पंडिताने अचूक ओळखलं आणि तेच पुरवलं. पोथ्यांमध्ये मूळ देशाचं नाव खोडून तिथे इजिप्त किंवा श्वेत लिहायचं, कधी नवीन पानंच घुसवायची! क्लायंटला हवा तसा रिपोर्ट बनवून देणं ही आपल्या आयटीवाल्यांची मक्तेदारी नाही म्हणायची. लबाडी उघडी पडली तेव्हा या गृहस्थाने उतारे खरे असल्याची शपथ घ्यायला दहा ब्राह्मण उभे केले. १८०५ साली विल्फर्डने हे सगळं छापून कबूल केलं, आणि त्याच मालिकेत श्वेतद्वीप म्हणजेच ब्रिटन, हा सिद्धांत पुढे रेटला. डेटा खोटा निघाला तरी निष्कर्ष जागचा हलला नाही!

विल्फर्डला हसून सोडून देता येतं. पुढचे लोक मात्र मोठे होते. जर्मन संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर यांनी १८६७ साली कृष्णजन्माष्टमीवर निबंध लिहिला. नारदाचा श्वेतद्वीपाचा प्रवास म्हणजे भारतीय लोक पश्चिमेच्या ख्रिस्ती देशांत जाऊन आल्याची आठवण, असा त्यांचा तर्क. पांढरे लोक, एकच देव, निव्वळ भक्ती... अजून काय पुरावा हवा? १८६९ मध्ये लोरिन्झर या दुसऱ्या जर्मन पंडिताने तर गीतेतच बायबलचे उसने विचार शोधून काढले.

इथे बेटाचा प्रश्न बाजूला राहतो आणि मोठा प्रश्न समोर येतो. भक्ती ही कल्पनाच जर बाहेरून आली असेल, तर ज्ञानोबा-तुकोबांच्या परंपरेचा पायाही उसना ठरतो. ज्या काळात मिशनरी आणि हिंदू पंडित यांचे वाद जोरात होते, त्या काळात हा मुद्दा नुसता पुस्तकी नव्हता.

उत्तर द्यायला मराठी माणसं पुढे आली. काशिनाथ त्र्यंबक तेलंगांनी १८७५ साली गीतेचा इंग्रजी पद्यानुवाद केला आणि त्याला जोडलेल्या निबंधात लोरिन्झरचा मुद्देसूद समाचार घेतला. पुढे १९१५ साली टिळकांनी 'गीतारहस्या'त गीता आणि बायबल यांच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. पण मला सगळ्यात आवडते ती रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची पद्धत. १९१३ च्या त्यांच्या वैष्णव पंथांवरच्या ग्रंथात ते आधी दगडांकडे जातात.

राजस्थानात घोसुंडीचा शिलालेख. आपल्या जुन्नरजवळचा नाणेघाट, जिथे सातवाहनांच्या लेखात सुरुवातीलाच संकर्षण आणि वासुदेव यांना वंदन आहे. आणि मध्य प्रदेशात विदिशेजवळ बेसनगरचा गरुडस्तंभ. तो हेलिओडोरस नावाच्या ग्रीक वकिलाने वासुदेवासाठी उभारला आणि त्यावर स्वतःला भागवत म्हणवून घेतलं. हे तिन्ही लेख ख्रिस्तजन्माच्या आधीचे! म्हणजे वासुदेवाची उपासना ख्रिस्ती धर्माच्या आधीपासून चालू होती. श्वेतद्वीपाची कथा महाभारतात उशिरा आली असली तरी त्याने फरक पडत नाही. उलट बेसनगरला परदेशी माणूसच इथला भक्त झालेला दिसतो.

मग श्वेतद्वीप कुठे आहे? भांडारकरांचं उत्तर साधं आहे. शिवाचा जसा कैलास, तसं नारायणाचं श्वेतद्वीप. तो स्वर्ग आहे, नकाशावर शोधायची जागा नव्हे.

मला वाटतं कथेतच याची खूण आहे. ब्रह्मदेवाचे तीन मानसपुत्र, एकत, द्वित आणि त्रित, प्रचंड तप करून त्या बेटावर पोचतात. देव प्रकटतो, हजार सूर्यांचा लखलखाट होतो, बेटावरचे लोक हात जोडून धावत सुटतात. या तिघांचे मात्र डोळे दिपतात, काहीच दिसत नाही. शेवटी आवाज येतो, परत जा, भक्तीवाचून दर्शन नाही. तपाचा इथे उपयोग नाही. हीच कथा ज्या उपरिचर राजाच्या निमित्ताने सांगितली जाते, त्याच्या यज्ञात पशू मारलेला नाही आणि तरीही, किंवा म्हणूनच, देव स्वतः हविर्भाग घेऊन जातो.

थोडक्यात काय, तर यज्ञ, तप, विद्वत्ता यांच्या वर भक्ती, आणि भक्तांत सगळे सारखे, हे सांगायला कुणा कवीने एक अख्खं बेट वसवलं. पंढरीच्या वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणारे वारकरी त्या वर्णनाच्या बरेच जवळ जातात (साठ दात सोडले तर). विल्फर्ड आणि वेबर यांना बेटावर गोरी कातडी तेवढी दिसली. एकत, द्वित, त्रित यांचं तरी दुसरं काय झालं होतं?