मुळा-मुठा नदीच्या वैज्ञानिक अभ्यासाचा इतिहास : मत्स्यसूची आणि जलमापन

सारांश

पुणे शहरातून वाहणाऱ्या मुळा-मुठा नदीविषयी वैज्ञानिक नोंदींच्या दोन परंपरा उपलब्ध आहेत. पहिली परंपरा नदीतील माशांच्या सूचींची असून तिचा आरंभ १८३८ पर्यंत मागे जातो. दुसरी परंपरा पाण्याच्या रासायनिक मापनाची असून तिला नियमित व शासकीय स्वरूप १९७० नंतर प्राप्त झाले. नदीविषयक धोरणे प्रामुख्याने दुसऱ्या परंपरेवर आधारली गेली. प्रस्तुत निबंधात दोन्ही परंपरांचा कालक्रमानुसार आढावा घेतला असून, प्रदूषणपूर्व नदीचे स्वरूप जाणण्यासाठी मत्स्यसूचींना पर्याय नाही, असे प्रतिपादन केले आहे.

प्रस्तावना

सह्याद्रीत उगम पावणाऱ्या मुळा आणि मुठा या नद्यांचा संगम पुणे शहरात होतो. संगमापूर्वी दापोडीजवळ पवना मुळेला मिळते. पुढे संयुक्त प्रवाह मुळा-मुठा या नावाने पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेस मिळतो आणि भीमेच्या द्वारे उजनी जलाशयात पोहोचतो. शहरातून नदीत काय सोडले जाते, हा प्रश्न त्यामुळे केवळ पुण्याचा राहत नाही. दौंड, इंदापूर आणि सोलापूर परिसराशीही त्याचा संबंध येतो.

पुण्याच्या पाणीपुरवठ्याचा इतिहास बराच लिहिला गेला आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून शहरात आणलेले पाणी आणि १८७९ मध्ये पूर्ण झालेले खडकवासला धरण हे त्यातील दोन सुपरिचित टप्पे होत. शहरात पाणी कसे आले, याची हकीकत अशी सांगितली जाते. परंतु ज्या नदीतून ते घेतले गेले व ज्या नदीत ते मलिन होऊन परतले, त्या नदीचा अभ्यास कोणी, केव्हा आणि कोणत्या साधनांनी केला, याचा विचार इतिहासलेखनात क्वचितच झाला आहे. ही उणीव काही अंशी भरून काढणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

माशांच्या नोंदींचा आरंभ : साइक्स

मुळा-मुठेच्या परिसरातील माशांचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी केले. मुंबई सरकारच्या सेवेत सांख्यिकी निवेदक म्हणून दख्खनची पाहणी करताना त्यांनी भूगर्भ, हवामान, शेती, लोकसंख्या आणि प्राणिजीवन यांविषयी विपुल सामग्री गोळा केली. दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८ मध्ये वाचला गेला. त्याचा गोषवारा १८३९ मध्ये आणि सचित्र विस्तृत पाठ १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला.

या निबंधाचे एक वैशिष्ट्य विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. अनेक जातींना शास्त्रीय नावे देताना साइक्स यांनी स्थानिक नावांचाच स्वीकार केला. लॅटिन द्विनामातील ‘खुद्री’, ‘नुक्टा’, ‘कोलस’ हे शब्द त्याची उदाहरणे होत. खुद्री महसीर या माशाचे मूळ स्थान म्हणून पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेची नोंद आहे, तर नुक्टा हा मासा चाकणजवळच्या इंद्रायणीतून वर्णिला गेला. वर्गीकरणशास्त्रात मूळ स्थानास कायमचे महत्त्व असते. जातीच्या ओळखीविषयी वाद उत्पन्न झाल्यास अभ्यासकास त्या स्थानाकडे परतावे लागते. म्हणजेच आज मैलापाणी वाहून नेणारा प्रवाह म्हणून ओळखला जाणारा पुण्याखालचा पट्टा प्राणिशास्त्राच्या जागतिक दप्तरात एका महसीर जातीचे जन्मस्थान म्हणून नोंदला गेला आहे. ही नावे साइक्स यांच्यापर्यंत पोहोचविणाऱ्या स्थानिक मासेमारांचे ज्ञानही अप्रत्यक्षपणे त्या दप्तरात शिल्लक राहिले.

विसाव्या शतकातील सूची

साइक्स यांच्यानंतर सुमारे एक शतकाने ए. जी. एल. फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची सूची मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात १९४२ मध्ये प्रसिद्ध केली. १९४४ मध्ये एम. जे. सुटर यांनी त्याच नियतकालिकात नव्या नोंदींची भर घातली. १९६३ मध्ये जी. टी. तोनापी आणि लीला मुळहेरकर यांनी पुण्यातील गोड्या पाण्यातील प्राण्यांवरील लेखमालेचा माशांविषयीचा पहिला भाग प्रकाशित केला. पुढे २००३ मध्ये जी. के. वाघ आणि एच. व्ही. घाटे यांची मुळा व मुठा नद्यांतील माशांची सूची प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी खरात, डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘करंट सायन्स’मध्ये पुणे जिल्ह्यातील मत्स्यजातींच्या दीर्घकालीन बदलांची चिकित्सा केली.

या नामावळीवरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, एका भारतीय शहराच्या नदीविषयी १८३८ ते २००३ अशा दीर्घ कालखंडात, खंडित स्वरूपात का होईना, परस्परांशी तुलना करता येईल अशा नोंदी उपलब्ध आहेत. दुसरी अशी की, स्वातंत्र्योत्तर काळात हे कार्य मुख्यतः विद्यापीठ व महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी पुढे नेले. मोठे अनुदान किंवा महागडी उपकरणे यांवर ते अवलंबून नव्हते. जाळे, मासळी बाजारातील फेऱ्या, नमुन्यांच्या बरण्या आणि चिकाटी ही त्याची मुख्य साधने होती.

तथापि ऐतिहासिक साधन म्हणून या सूचींची चिकित्सा आवश्यक आहे. ‘पुणे’ या शब्दाची व्याप्ती प्रत्येक अभ्यासकागणिक बदलते. कोणी धरणाचा जलाशय समाविष्ट करतो, तर कोणी केवळ शहरातील पात्र. जातींची नावेही पालटली आहेत. साइक्स यांनी ‘बार्बस’ प्रजातीत नोंदविलेली खुद्री आज ‘टॉर’ प्रजातीत गणली जाते. बाजारात आढळलेला मासा याच नदीतील असेल, असेही नाही. शिवाय सूचीत नाव नसणे म्हणजे नदीत मासा नसणे नव्हे. म्हणून एखाद्या जातीच्या अनुपस्थितीचा निष्कर्ष काढताना अनेक सूचींचा एकत्रित पुरावा आणि जतन केलेले नमुने यांचा आधार घ्यावा लागतो.

रासायनिक मापनाची परंपरा

दुसऱ्या परंपरेचा उगम इंग्लंडमध्ये आहे. मैलापाण्याच्या विल्हेवाटीसंबंधी १८९८ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाने १९१२ च्या आठव्या अहवालात प्रक्रिया केलेल्या मैलापाण्यासाठी मानक सुचविले. दर लिटरमागे निलंबित घनपदार्थ ३० मिलिग्रॅमपेक्षा व जैवरासायनिक प्राणवायू मागणी, म्हणजेच बीओडी, २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असे त्याचे स्वरूप होते. पाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना सूक्ष्मजीव जितका प्राणवायू खर्च करतात, त्याचे हे माप होय. चाचणीचा अवधी पाच दिवसांचा ठरला. ब्रिटनमधील नद्यांचे पाणी समुद्रास मिळण्यास यापेक्षा अधिक दिवस लागत नाहीत, असे त्याचे कारण सांगितले जाते.

या मानकामागे एक अट होती, ती पुढे बहुधा विस्मरणात गेली. सोडलेल्या पाण्यात नदीचे किमान आठपट स्वच्छ पाणी मिसळेल, असे आयोगाने गृहीत धरले होते. मुठेच्या बाबतीत हे गृहीतक पावसाळ्याबाहेर टिकत नाही. खडकवासल्याचे पाणी शहराच्या नळांकडे आणि कालव्यांकडे वळविले जाते. उन्हाळ्यात धरणाखालच्या पात्रात वाहणारे पाणी मुख्यतः शहराने परत केलेले पाणीच असते. प्रक्रिया केंद्रातून मानकात बसणारे पाणी सोडले, तरी ते नदीत मिसळत नाही. तेच नदी बनते.

हवामानाचा भेदही महत्त्वाचा आहे. २० अंश सेल्सिअस तापमानास पाण्यात दर लिटरमागे सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांस हे प्रमाण सुमारे ७.५ मिलिग्रॅमपर्यंत उतरते, तर विघटनाचा वेग मात्र वाढतो. भारतात बीओडीची चाचणी २७ अंश तापमानास तीन दिवसांची करण्यात आली, ती या भेदाची दखल घेऊनच. चाचणीचे तापमान व अवधी बदलले. सौम्यीकरणाचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

महाराष्ट्रात जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा १९६९ मध्ये संमत झाला आणि १९७० मध्ये राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्रीय जल कायदा १९७४ चा आहे. देशातील नद्यांच्या नियमित गुणवत्ता निरीक्षणास १९७८ पासून प्रारंभ झाला. या सर्व घटना पुण्याच्या औद्योगिक विस्तारानंतरच्या आहेत. पिंपरीतील प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना १९५० च्या दशकात सुरू झाला होता. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ ची. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत धरण फुटून नदीकाठच्या वस्तीची वाताहत झाली होती. १९५१ मध्ये पाच लाखांहून कमी असलेली पुणे शहराची लोकसंख्या २०११ मध्ये महानगरपालिका क्षेत्रात ३१.२४ लाखांवर पोहोचली. शासनाने नदीचे पाणी नियमितपणे मोजण्यास आरंभ केला, तेव्हा नदी आधीच बदललेली होती. रासायनिक दप्तराचा पहिला आकडा हा निरोगी नदीचा आकडा नाही.

दोन परंपरांमधील दुवा

या दोन परंपरांना जोडण्याचे प्रयत्न झाले नाहीत, असे नव्हे. पुणे विद्यापीठातील शैवालतज्ज्ञ एम. एस. बालकृष्णन आणि व्ही. आर. गुणाले यांनी १९८१ मध्ये पवना, मुळा आणि मुठा या नद्यांतील अतिपोषणाचा अभ्यास शैवालांच्या साहाय्याने मांडला. पाण्याचा नमुना केवळ त्या क्षणाची स्थिती सांगतो. दगडांवर व तळाशी वाढणारी शैवाले मागील काही आठवड्यांचा परिणाम दर्शवितात. जर्मनीत कोल्कविट्झ आणि मार्सोन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच या तत्त्वावर प्रदूषणाची जैविक श्रेणी रचली होती. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही तळावरील अपृष्ठवंशी प्राण्यांवर आधारित जैविक निकष सिद्ध केले. परंतु दैनंदिन प्रशासनात अशा निकषांना दुय्यम स्थान मिळाले.

मंडळाच्या पाणीवापराच्या वर्गीकरणात ‘ड’ वर्ग वन्यजीव व मत्स्यवाढीसाठी आहे. त्याचे निकष तीन : विरघळलेला प्राणवायू दर लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया कमाल १.२ मिलिग्रॅम. पाणी माशांना योग्य आहे की नाही, हे ठरविताना नदीत मासे आहेत का, याची विचारणा त्यात नाही.

या त्रुटीचे परिणाम व्यावहारिक आहेत. महसीर पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध चढून खडे-वाळू असलेल्या वाहत्या, प्राणवायूयुक्त पाण्यात अंडी घालतो. धरण वा बंधारा त्याची वाट अडवितो आणि उन्हाळ्यातील प्रवाहहीन पात्र त्याचा आसरा हिरावून घेते. यांपैकी कशाचेही प्रतिबिंब बीओडीच्या आकड्यात पडत नाही. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे बाजारातील चिलापी, तसेच आफ्रिकी मागूर यांसारख्या परक्या जातींचा प्रभावही रासायनिक तक्त्यात दिसत नाही. हे बदल टिपण्याचे साधन म्हणजे त्या त्या काळातील मत्स्यसूची.

याबाबत थेम्स नदीचे उदाहरण बोधप्रद आहे. ज्या देशाने बीओडीचे मानक दिले, त्याच देशात १९५७ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या पाहणीत लंडनमधील थेम्सच्या पट्ट्यात मासे जवळपास उरले नसल्याचे आढळले. पुढे अल्विन व्हीलर यांनी विद्युतकेंद्रांच्या पाणी खेचणाऱ्या चाळण्यांवर अडकलेल्या माशांची नोंद ठेवली आणि जाती परतत असल्याचे दाखविले. १९७४ मध्ये तेथे सामन मासा सापडला. प्रक्रिया केंद्रांच्या सुधारणेमुळे पाणी सुधारले. परंतु नदी सुधारली याची साक्ष माशांनी दिली.

आजचा संदर्भ

केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत देशातील ३५१ पट्टे असून त्यांपैकी ५३ महाराष्ट्रातील आहेत. मुळा व मुठा यांचा समावेश सर्वाधिक प्रदूषित अशा पहिल्या प्राधान्यवर्गात झाला. जपानच्या अर्थसाहाय्यातून पुण्यासाठी २०१६ मध्ये मंजूर झालेल्या ९९०.२६ कोटी रुपयांच्या योजनेत ११ मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचा समावेश आहे. २०२२ च्या मार्चमध्ये नदीकाठ विकसनाच्या कामाचेही भूमिपूजन झाले. मैलापाण्यावर प्रक्रिया होणे निर्विवाद आवश्यक आहे. प्रश्न असा की, यश कशावरून ओळखावयाचे? बीओडी १० मिलिग्रॅमच्या आत आली आणि पात्र दोन तटबंद काठांमध्ये बांधले गेले, तर पाणी स्वच्छ म्हणून गणले जाईल. त्यास नदी म्हणता येईल की नाही, हे त्या आकड्यावरून कळणार नाही.

निष्कर्ष

१. मुळा-मुठेच्या प्रदूषणपूर्व अवस्थेचा शास्त्रीय पुरावा मुख्यतः मत्स्यसूचींत आहे. शासकीय रासायनिक नोंदी नदी बिघडल्यानंतर सुरू झाल्या; त्यामुळे त्या पुनरुज्जीवनाची आधाररेषा ठरू शकत नाहीत.

२. बीओडीचे मूळ मानक भरपूर प्रवाहाच्या गृहीतकावर उभे होते. धरणाखालच्या उन्हाळी पात्रास ते लागू करताना नदीतील किमान प्रवाहाचा विचार अनिवार्य ठरतो.

३. साइक्स ते वाघ-घाटे या सूचींची आधुनिक नामकरणानुसार एकत्रित व चिकित्सक आवृत्ती तयार होणे आवश्यक आहे.

४. नदीकाठच्या महाविद्यालयांनी निश्चित स्थळी, निश्चित ऋतूत दरवर्षी नोंद घेऊन प्रमाणभूत नमुने पुण्यातील भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात जमा केल्यास दीडशेहून अधिक वर्षांची ही साखळी अखंड राहील.

१९४२ वा १९६३ मध्ये सूची करणाऱ्या अभ्यासकांना आपल्या कामाचा असा उपयोग होईल, याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. त्यांनी त्या वर्षी नदीत जे आढळले, ते काळजीपूर्वक लिहून ठेवले. आज नदीने काय गमावले, हे सांगता येते, ते त्या लेखनामुळे. आजच्या नदीची तशी नोंद न झाल्यास पुढील पिढीच्या अभ्यासकास ही तुलना करता येणार नाही.