पडलेल्या घराण्याची वंशावळ

विजयदुर्गाच्या खाडीतून वाघोटण नदीने वर जात राहिले की खारेपाटण लागते. महामार्गाने गोव्याला निघालेल्यांना हे गाव जेमतेम ओळखीचे असते. पण मध्ययुगातल्या दक्षिण कोकणाचा इतिहास लिहायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, कारण इथे सापडलेल्या एका ताम्रपटावर दोन राजघराण्यांच्या पिढ्या एकापाठोपाठ एक कोरलेल्या आहेत.

ताम्रपट शिलाहार मंडलिक रट्टराजाचा. शके ९३०, ज्येष्ठ पौर्णिमा. म्हणजे मे १००८. तो प्रथम वाचून छापला बाळशास्त्री जांभेकरांनी. ‘दर्पण’कार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण ते याच मुलखातले, देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे.

शिलाहारांना सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधला हा पट्टा मिळाला तो राष्ट्रकूटांच्या कृपेने. मूळपुरुष सणफुल्लावर कृष्णराजाची मर्जी होती, असे ताम्रपट सांगतो. पुढे धम्मियराने बलिपत्तन वसवले. हे बलिपत्तन म्हणजे खारेपाटणच, असे वा. वि. मिराशींचे मत. सणफुल्लापासून रट्टराजापर्यंत दहा राजे झाले.

मग ९७३ साली चालुक्य तैलपाने राष्ट्रकूट कर्काचा पराभव केला. कोकणातल्या मंडलिकांचा धनी बदलला. रट्टराज तैलपाचा मुलगा सत्याश्रय याला सार्वभौम मानतो. तरीही त्याचा ताम्रपट आधी राष्ट्रकूटांची सगळी वंशावळ देतो, मग चालुक्यांकडे वळतो आणि त्यानंतर स्वतःच्या घराण्याकडे. सत्ता जाऊन पस्तीस वर्षे झालेल्या धन्याची नावे तांब्यावर कोरून घ्यायला रट्टराजाला कोणी भाग पाडले नव्हते. आपल्या घराण्याला हा मुलूख कोणामुळे मिळाला, हे त्याला विसरायचे नव्हते, असेच यातून दिसते.

त्याच काळात चीनमध्येही पडलेल्या घराण्यांची नोंद ठेवली जात होती, पण ती वेगळ्या हेतूने. ९०७ मध्ये तांग घराणे कोसळले आणि पुढच्या त्रेपन्न वर्षांत उत्तरेत पाच घराणी आली नि गेली. त्यांतल्या उत्तर-जिन दरबाराने ९४५ मध्ये तांगांचा इतिहास पुरा करवून घेतला, आणि दोन वर्षांच्या आत ते घराणे स्वतःच संपले. गेलेल्या राजवटीचा इतिहास नव्या राजवटीने लिहायचा, म्हणजे आकाशाची आज्ञा आता आपल्याकडे आली हे सिद्ध होते, अशी तिथली रीत. ९६० मध्ये आलेल्या सोंग घराण्यानेही तांगांचा इतिहास पुन्हा लिहवला. रट्टराजाला मात्र असे काही सिद्ध करायचे नव्हते. तो सम्राट नव्हता, किनाऱ्यावरचा मंडलिक होता.

त्याचे खरे बळ बंदरात होते. अव्वेश्वराच्या देवळासाठी त्याने कुष्मांडी, असनवीर आणि वडंगुळे ही गावे दिली, आणि त्याबरोबर बंदराचे उत्पन्नही. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे सोन्याचा एक गद्याण, म्हणजे त्या काळचे नाणे. कंदलमूलीय या ठिकाणाहून येणाऱ्यामागे धरण नावाचे सोन्याचे एक नाणे. चेमूल्य आणि चंद्रपूर, म्हणजे चौल आणि गोव्याचे चांदोर, यांना त्यातून सूट. तेली, माळी, कुंभार, परीट यांची कुटुंबेही देवळाच्या सेवेला नेमून दिली आहेत. बंदरावर कोणाची जहाजे लागत आणि देवळाचा रोजचा व्यवहार कोणाच्या हातांवर चाले, हे या चार ओळींत जितके कळते तितके राजांच्या बिरुदांतून कधीच कळत नाही.

रट्टराजाची सत्ता फार टिकली नाही. सत्याश्रयाचा पुतण्या जयसिंह याने सप्तकोकणाच्या अधिपतींचे धन हिरावून घेतले, असे १०२४ चा मिरजेचा ताम्रपट सांगतो. ज्या चालुक्यांना रट्टराज धनी मानत होता, त्यांच्याच हातून दक्षिण कोकणचे हे शिलाहार संपले, असे अभ्यासक मानतात. त्यानंतर या शाखेचा लेख सापडत नाही.

खारेपाटणात दुसरा एक ताम्रपट मिळाला आहे, शके १०१६ चा. तो उत्तर कोकणच्या शिलाहार अनंतदेवाचा. त्यात भाभण श्रेष्ठी आणि धनाम श्रेष्ठी या दोघा भावांना ठाणे, सोपारा, चौल वगैरे बंदरांतली जकात माफ केली आहे. दोघेही अनंतदेवाचे मंत्री होते.