राज्यसीमा आणि भाषासीमा : कुडाळी बोलीचा प्रश्न

राज्याची सीमा हीच भाषेची सीमा मानण्याची प्रवृत्ती जुनी आहे. उत्तर अमेरिकेतील ब्लॅकफूट लोकांची भाषा ४९ व्या अक्षांशावरील राजकीय रेषेच्या दोन्ही बाजूंस, कॅनडातील अल्बर्टा व अमेरिकेतील मोन्टाना येथे, बोलली जाते. १९१० व १९११ साली मोन्टानात जाऊन तिच्या कथा टिपणारे डच पंडित उलेनबेक हे संस्कृतचेही अभ्यासक होते. अल्गॉन्क्वियन कुळातील इतर भाषांपासून ती फार दुरावलेली आहे. तरी तिचे कूळ ठरते ते ध्वनी व व्याकरण यांतील नियमित साम्यावरून, सीमेवरून नव्हे.

मालवण, कुडाळ व सावंतवाडी या टापूतील कुडाळी अथवा मालवणी बोलीस हा न्याय लाभलेला नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषिक पाहणीच्या ७ व्या खंडात (१९०५) कोकणी ही मराठीची बोली मानली असून कुडाळीचा विचार तिच्याच प्रकरणात आला. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीत दक्षिण कानडातील कोकणी (१९६३) व कुडाळी (१९६५) एकाच मालेत प्रसिद्ध झाल्या. पुढे कोकणीस १९७५ साली साहित्य अकादमीची, १९८७ साली गोव्यात राजभाषेची व १९९२ साली आठव्या अनुसूचीची मान्यता मिळाली. साहजिकच कुडाळी नेमकी कोणाची, हा प्रश्न उपस्थित झाला.

बोलीचे उत्तर सरळ नाही. 'माझो', 'घोडो' ही ओकारान्त पुल्लिंगी रूपे आणि 'माका', 'तुका' ही सर्वनामे तिला कोकणीशी जोडतात. उलट गोव्याच्या प्रमाण कोकणीत 'हांव' व 'कितें' असताना येथे 'मी' व 'काय' चालते. शिवाय तेरेखोल नदीपलीकडील पेडणे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीच्या सत्तेखाली होता, आणि तेथील बोली आजही अलीकडच्या बोलीस फार जवळची आहे. नदीने राज्ये विभागली, बोली विभागली नाही.

व्यवहारात मात्र नावावरूनच निकाल लागतो. जनगणनेत मातृभाषा 'मालवणी' सांगणारा कोकणीत गणला जातो, 'मराठी' सांगणारा त्याचा शेजारी मराठीत. शाळेत मात्र दोघांचीही मुले प्रमाण मराठीच शिकतात. एकाच गावची एकच बोली अशा रीतीने दोन भाषांच्या खात्यांत विभागली जाते, आणि तिचे खरे संख्याबळ कोणत्याही खात्यात दिसत नाही. म्हणून कुडाळीची नोंद प्रथम कुडाळी म्हणूनच, तेरेखोलच्या दोन्ही तीरांवर व गावोगाव, झाली पाहिजे. तिचे नाते मराठीशी की कोकणीशी, हा निर्णय त्या नोंदीनंतरचा आहे.