सावकाश होऊ द्या!
(पंगत आणि उपाहारगृह यांतील वेळेचा अल्प इतिहास)

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली. आम्ही केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेले. आयुष्य प्राथमिक शाळेत मुलांना सनावळ्या पाठ करून घेण्यात गेले. राजेरजवाड्यांचा इतिहास लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. आम्ही आज जेवणाच्या वेळेचा इतिहास लिहिणार आहोत. निमित्त घडले ते गेल्या मे महिन्यात महाबळेश्वरी.

तीन घरची मिळून आम्ही अकरा माणसे गेलो होतो. थोरले बंधू पंचाहत्तरीचे, आणि जर्मनीत नोकरीस असलेला पुतण्या सहकुटुंब आलेला. दुपारी दोनच्या सुमारास एका उपाहारगृहात तासभर तिष्ठल्यावर टेबल मिळाले. पुतण्याने आधी सूप, मग इतर पदार्थ अशा बेताने मागणी केली होती. पण सूप, भाजी, पोळी, भात सारे एकदमच येऊन आदळले. तो खट्टू झाला. पुढे थोरल्या बंधूंचा ताकभात चालू असतानाच वाढणाऱ्या मुलाने बडीशेपेची वाटी आणि बिल टेबलावर आणून ठेवले. आमच्या खुर्च्यांच्या पाठी धरून पुढची मंडळी उभीच होती. बंधू कडाडले, "भरल्या पानावरून उठवतोस काय रे?" आम्हीही वर्गात चढवीत असू तसा आवाज चढवून त्या मुलाची हजेरी घेतली. त्याने काय उत्तर दिले ते शेवटी सांगू. आधी, चूक कोणाची, याचा इतिहासाच्या आधारे विचार करू.

आमच्या लहानपणी जेवणाची वेळ ठरविणारे घड्याळ नव्हते, पंगत होती. पाने मांडली जात, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे. वरणभातावर तूप पडले की यजमान हात जोडून म्हणे, "सावकाश होऊ द्या." हे नुसते सौजन्य नव्हते, तो पंगतीचा कायदा होता. कोणी भरभर जेवला तरी शेवटच्या माणसाचा मठ्ठा संपेपर्यंत उठावयाचे नाही. म्हणजे पंगतीचा वेग सर्वांत सावकाश जेवणारा ठरवी. दुसऱ्या पंगतीचे लोक ओसरीवर गप्पा मारीत; जेवणाराच्या पाठीशी येऊन उभे राहणे असभ्य समजले जाई. वाढताना डावेउजवे करणाऱ्यास 'पंक्तिप्रपंच' हा शब्द आपल्या भाषेने देऊन ठेवला आहे.

तथापि, पंगतीचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवू नये. त्या पंगतीत कोणी बसावे आणि कोणी अंगणाबाहेर थांबावे, हे जात ठरवीत असे. सर्वांत मोठा पंक्तिप्रपंच तोच होता. पैसे देईल त्या कोणालाही एकाच टेबलावर बसविणारे उपाहारगृह ही त्या दृष्टीने मोठी सुधारणा होय. परंतु तेथेही आडकाठी होतीच. म्हणून तर २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख करून तेथील प्रवेशास जातीवरून मज्जाव करता येणार नाही, असे लिहावे लागले. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत तरी याचे विस्मरण होऊ नये.

आता पाश्चात्त्यांकडे वळू. 'रेस्टॉरंट' हा शब्द मुळात शक्ती परत आणणाऱ्या कढणाचे नाव होता. १७६० नंतरच्या दशकात पॅरिस शहरी असे कढण विकणारी दुकाने निघाली आणि त्यांतूनच आजचे उपाहारगृह उदयास आले. तत्पूर्वी खाणावळीत ठरल्या वेळी एकाच लांब टेबलाशी बसावयाचे आणि पुढे येईल ते खावयाचे, असा प्रघात होता. नव्या उपाहारगृहात वेगळे टेबल मिळाले, पदार्थांची यादी हाती आली आणि आपल्या सोयीच्या वेळी जाण्याची मुभा मिळाली. वेळ यजमानाची होती, ती गिऱ्हाइकाची झाली.

पदार्थ एकामागून एक आणण्याची रीत तर याहूनही अलीकडची. फ्रान्समध्ये पूर्वी मेजवानीत पुष्कळसे पदार्थ एकदमच मांडीत. १८१० च्या सुमारास कुराकिन नामक रशियन वकिलाने पॅरिसमध्ये क्रमाक्रमाने वाढण्याची आपल्या देशाची पद्धत दाखविली, असे सांगतात. शतकाच्या उत्तरार्धात ती युरोपभर रुळली. म्हणजे आमच्या पुतण्याची अपेक्षा दोनशे वर्षांची, आणि ताटात सारे एकदम वाढण्याची आपली रीत ही काही अडाण्याची घाई नव्हे. जुन्या फ्रान्सच्या उमरावांसही ती मानवली असती.

बिलाचेही तसेच. युरोपातील बहुतेक देशांत गिऱ्हाइकाने मागितल्याखेरीज बिल आणीत नाहीत. न मागता आणणे म्हणजे 'आता निघा' असे सुचविणे. उलट अमेरिकेत खाणे संपत आले की बिल आपोआप येते आणि कोणास राग येत नाही. याचे कारण अर्थशास्त्रात आहे. तेथील केंद्रीय कायद्याप्रमाणे बक्षिसीवर अवलंबून असणाऱ्या नोकरास मालकाने द्यावयाचे किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर एवढेच आहे. काही राज्यांनी ते वाढविले आहे. पण एरवी मुख्य कमाई बक्षिसीची. टेबल जितक्या वेळा रिकामे होईल तितकी बक्षिसी अधिक. फ्रान्समध्ये सेवेचा आकार पदार्थाच्या किमतीतच धरलेला असतो. तेथील वाढप्यास तेवढी घाई नसते. शिष्टाचाराच्या मुळाशी पुष्कळदा हिशेब असतो, तो असा.

आपल्याकडे घाई शिकविली ती गिरणीच्या भोंग्याने. मुंबईच्या गिरणगावात घरोघरच्या बाया खाणावळी चालवीत. पाळीला जाणारा कामगार 'सावकाश होऊ द्या' ऐकत बसला असता तर गिरणीचे दार बंद झाले असते. याच अन्नपूर्णांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. माटुंग्यास ए. रामा नायक यांनी १९४२ साली उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग काढले. अशा बोर्डिंगांतून कचेरीच्या बाबूंना ठरल्या वेळी पोटभर जेवण मिळू लागले. उडुपी हॉटेलांतली राईस प्लेट, तीत सारे पदार्थ एकदम, आणि जेवण होताच टेबलावर फडके, ही रीत शहराच्या गरजेतून जन्मली.

थंड हवेच्या ठिकाणांचा जन्म मात्र विश्रांतीसाठी झाला. सर जॉन माल्कम यांनी १८२८ च्या सुमारास महाबळेश्वर वसविण्यास आरंभ केला. ठाण्याचे कलेक्टर मॅलेट १८५० साली माथेरानास पोचले आणि १९०७ साली तेथे छोटी रेल्वे धावू लागली. साहेब महिना महिना मुक्काम करी, त्यास घाई कशाची? पुढे शाळांच्या सुट्ट्यांत मध्यमवर्ग येऊ लागला. २००२ साली मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि लोक दोन दिवसांकरिता येऊ लागले. विश्रांतीचे ठिकाण तेच, वेग मात्र गिरणगावाचा!

शाळेतले साधे गणित घ्या. एका उपाहारगृहात वीस टेबले, प्रत्येकाशी चार खुर्च्या; म्हणजे ऐंशी माणसे. बारा ते तीन या वेळात प्रत्येकाने तासभर घेतला तर २४० जण जेवतील. चाळीस मिनिटे घेतली तर ३६०. वीस मिनिटांचा फरक, पण त्यात १२० जणांची भूक आणि मालकाची दीडपट विक्री आहे. घाटावरचा पावसाळा गिऱ्हाईक पळवून लावतो. वर्षाची कमाई थोड्या महिन्यांत करावयाची असते. म्हणून जेवणारा म्हणतो, 'मी पैसे मोजले, सावकाश जेवीन'. उभा असलेला म्हणतो, 'मीही पैसे मोजणार, मला बसू द्या'. दोघेही खरे. आणि दोघांच्या मधे सापडतो तो वाढणारा.

आता त्या मुलाचे उत्तर. तो म्हणाला, "आजोबा, रागावू नका. मालक तिकडून बघतोय. सकाळी सातपासून उभा आहे, अजून मी जेवलो नाही."

तेव्हा साडेतीन वाजले होते. थोरले बंधू एकाएकी गप्प झाले. लग्नकार्यात द्रोण हाती घेऊन सारी पंगत वाढणारे ते एके काळचे वाढपी. त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या वेळी वाढप्यांची पंगत शेवटी असे रे, पण असे." आम्ही चढविलेला आवाज आम्हांस फार लागला. चाळीस वर्षे मुलांना 'आधी समोरच्याचे ऐकून घ्या' असे शिकविणारे आम्ही, त्या दिवशी न ऐकताच बोललो. त्या मुलाची क्षमा मागून उठलो.

पंगतीतून टेबलाकडे येताना आपण पुष्कळ मिळविले. जातीची अढी सैल झाली, निवड मिळाली, सोय झाली. हरवली ती एकच गोष्ट, शेवटची पंगत. पाहुणे उठले की वाढपी, आचारी आणि घरच्या बायका बसत, आणि आधी जेवलेले कंबर बांधून त्यांना आग्रहाने वाढीत. उपाहारगृहात ती पंगत कोणाच्या हिशेबात नसते.

आपल्या संस्थेच्या स्नेहसंमेलनातही अलीकडे बुफे असतो, तो असू द्या. आमची सूचना इतकीच, की सर्वांचे झाल्यावर वाढणाऱ्या व भांडी घासणाऱ्या मंडळींची एक पंगत मांडावी आणि अध्यक्षांपासून चिटणिसांपर्यंत सर्वांनी वाढावयास उभे राहावे. आम्ही व थोरले बंधू भाताची परात घेऊन हजर राहू. पाने मांडून झाली की अध्यक्षांनी हात जोडून त्यांना म्हणावे, सावकाश होऊ द्या!